कार्डावर लिहून आहे ना! : मॅजिकचं कार्ड नीट कसं वाचावं

"कार्डावर लिहून आहे ना बे!" हे वाक्य आमच्या छपरीत दर रविवारी दहा वेळा ऐकू येतं. गंमत अशी की दोघंही एकाच कार्डावर बोट ठेवून तेच ओरडत असतात, आणि दोघांनी लावलेला अर्थ एकदम उलटा असतो.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. काही वर्षांपूर्वी भाचा नागपूरहून उन्हाळ्याच्या सुट्टीत आला, तो 'मॅजिक : द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळाचे दोन तयार डेक (कार्डांचे गठ्ठे) घेऊन. तो गेला, डेक इथेच राहिले. आज आम्ही सात जण आहोत: कॉलेजची तीन पोरं, जिल्हा परिषद शाळेतले एक सर, कृषी केंद्रात बसणारा एक जण, भाचा आला की तो, आणि मी. रस्त्यानं जाणारी म्हातारी माणसं अजूनही "जुगार खेळून राहिले काय रे?" म्हणून थांबतात. त्यांना मेंढीकोट चालतो, ड्रॅगनचं चित्र चालत नाही.

पहिले सहा महिने खेळ कमी आणि भांडण जास्त, असं होतं. नियम येत नव्हते म्हणून नाही. सुरुवातीचे नियम एका संध्याकाळी समजतात. गाडी अडायची ती कार्डावरच्या दोन-तीन ओळींपाशी. तेच सहा महिने तुमचे वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. मॅना (कार्ड खेळायला मोजायची शक्ती) काय, हल्ला कसा करतात, ब्लॉक कसा करतात एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

एक गोष्ट आधीच मनातून काढून टाका: अर्थ लागत नाही म्हणजे आपलं इंग्रजी कच्चं. तसं नाही. रिचर्ड गारफिल्ड यांनी हा खेळ बनवला आणि १९९३ साली तो बाजारात आला. त्याआधी चाचणीच्या कार्डांमध्ये एक कार्ड होतं. त्यावर लिहिलं होतं, "अपोनंट लूजेस नेक्स्ट टर्न." म्हणायचं होतं, समोरच्याची पुढची टर्न बुडाली. चाचणी करणाऱ्या एका खेळाडूनं वाचलं, समोरचा पुढच्या टर्नला हरला! जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाचा हा घोटाळा. छापताना ते कार्ड 'टाइम वॉक' झालं आणि मजकूर बदलून "एक टर्न जास्तीची घ्या" असा झाला. तेव्हा आपण गोंधळलो तर त्यात लाजायचं काही नाही.

जवळ काय काय ठेवावं

- मोबाइल, आणि त्यात नियमांची पूर्ण फाइल आधीच उतरवून घेतलेली. कंपनी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्स' फुकट देते, साध्या मजकुराच्या फाइलमध्येही देते. पान अडीचशेच्या वर आहेत, वाचत बसू नका; शेवटी शब्दसूची आहे, तिथे शोधा. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट आणि नेटवर्क हातात हात घालून जातात, म्हणून उतरवून ठेवा म्हणतो.
- 'गॅदरर' ही कार्डांची अधिकृत वेबसाइट. 'स्क्रायफॉल' तिच्याहून शोधायला सोपी आहे. दोन्हीकडे कार्डाचा आजचा मजकूर आणि त्याखाली त्या कार्डाबद्दल दिलेले खुलासे मिळतात.
- एक दोनशे पानी वही. का, ते पायरी ८ मध्ये.
- लुडोचे फासे, आणि दोन रंगांचे दाणे. आम्ही डॅमेजला (झालेल्या इजेला) सोयाबीन आणि +१/+१ काउंटरला (क्रीचरची, म्हणजे लढणाऱ्या कार्डाची, ताकद आणि दम एकेकानं वाढल्याची खूण) तूर वापरतो. एकच रंग वापरलात तर अर्ध्या खेळात कशाचा दाणा कुठला ते कळत नाही.
- पंखा बंद. हे साधन नाही, पण लिहून ठेवतो.

पायरी १ : कार्ड खरं आहे का, आणि मजकूर आजचा आहे का

आमचं सगळ्यात मोठं भांडण अशा कार्डावरून झालं, जे मुळात नकली होतं. जत्रेतून आणलेल्या पाकिटातलं. त्यावरचा एक शब्दच गायब होता आणि आम्ही दोन तास त्या गायब शब्दाचा अर्थ लावत बसलो. म्हणून कार्ड विचित्र वाटलं की अर्थ लावायच्या आधी नाव शोधा, मजकूर जुळवा.

कार्ड खरं असलं तरी मजकूर जुना असू शकतो. 'लाइटनिंग बोल्ट' घ्या. जुन्या छपाईत ते "क्रीचर किंवा प्लेयर" यांच्यापैकी एकाला ३ डॅमेज देतं असं सापडेल. २०१८ पासून तिथे "एनी टार्गेट" असं लिहितात. त्यात क्रीचर, खेळाडू, प्लेन्सवॉकर (मदतीला उतरणारं जादूगाराचं कार्ड) सगळे आले. हातातलं कार्ड कोणत्याही सालचं असो, चालतो तो आजचा अधिकृत मजकूर. त्याला 'ओरॅकल' मजकूर म्हणतात. कार्ड जपानी किंवा जर्मन भाषेतलं असलं तरी निकाल इंग्रजी ओरॅकलवरच लागतो.

मोबाइलचा कॅमेरा धरून मराठीत भाषांतर करू नका. सरांनी एकदा केलं. 'लायब्ररी'चं (उचलायच्या कार्डांचा गठ्ठा) ग्रंथालय झालं, 'ग्रेव्हयार्ड'चं (मेलेल्या, वापरून झालेल्या कार्डांचा ढीग) स्मशान झालं आणि 'टॅप'चा नळ झाला. कार्ड आडवं करायच्या ऐवजी आम्ही नळ शोधत होतो. हे शब्द इंग्रजी समजूच नका. खेळातली नावं समजा. मेंढीकोटातला 'हुकूम' म्हणजे कोणाचा आदेश नव्हे, तसंच.

पायरी २ : मोठ्यानं, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचा

सोपी पायरी आहे आणि सगळ्यात जास्त वेळा हीच चुकते. ज्यानं कार्ड टाकलं त्यानं ते वाचून दाखवायचं, हा आमचा नियम. "मले माहीत आहे ते" असं म्हणायचं नाही.

कंसात तिरक्या अक्षरात जे असतं ती नुसती आठवण असते, नियम नव्हे. तळाशी तिरक्या अक्षरात एखादं सुंदर वाक्य असतं, ती तर निव्वळ सजावट. त्यावरून वाद घातलेला मी पाहिला आहे.

पायरी ३ : वाक्य कोणत्या जातीचं ते ओळखा

इथे इंग्रजी येण्यापेक्षा विरामचिन्हं दिसणं महत्त्वाचं आहे.

मध्ये विसर्गासारखे दोन ठिपके, म्हणजे कोलन, असेल तर ठिपक्यांच्या आधीचं मोल आणि नंतरचं फळ. "टॅप : १ डॅमेज." मोल मोजा, फळ घ्या, तुमच्या मनावर आहे.

सुरुवात 'व्हेन', 'व्हेनेव्हर' किंवा 'ॲट' यांपैकी एका शब्दानं होत असेल तर ते आपोआप घडणारं आहे. तुमच्या मनाचा प्रश्न नाही. घटना घडली की ते लागलं. पुढे 'मे' हा शब्द असेल तरच तुम्हाला नको म्हणता येतं.

यातलं काहीच नसेल, "क्रीचर्स यू कंट्रोल गेट +१/+१" असं सरळ विधान असेल, तर कार्ड टेबलावर आहे तोवर ते चालूच आहे. त्याला कोणी 'प्रतिसाद' देऊ शकत नाही.

मोल आणि फळ यांची गल्लत फार महाग पडते. 'व्हिलेज राइट्स' या कार्डात आधी एक क्रीचर बळी द्यायचं, मग दोन कार्डं उचलायची. बळी देणं हे कार्ड खेळायचं मोल आहे. समोरच्यानं 'कॅन्सल' टाकून तुमचा स्पेल (खेळलेलं, पण अजून न लागलेलं कार्ड) हाणून पाडला, तर कार्डं मिळत नाहीत आणि क्रीचरही परत येत नाही. आमच्याकडे एक पोरगा या कारणानं रागावून उठून गेला होता. माझ्या दुकानात हे रोज घडतं: फॉर्म नामंजूर झाला म्हणून भरलेली फी परत मिळते का? तेच इथे.

पायरी ४ : 'टार्गेट' हा शब्द आहे की नाही

या एका शब्दावर निम्मी भांडणं मिटतात. 'टार्गेट' छापलेलं असेल तर टार्गेट आहे, नसेल तर नाही (मोजके अपवाद सोडून: 'पॅसिफिझम'सारखं क्रीचरला चिकटवायचं 'ऑरा' कार्ड खेळताना टार्गेट धरावंच लागतं). "पण एकच निवडतोय ना, म्हणजे टार्गेटच झालं" हा युक्तिवाद चालत नाही.

का महत्त्वाचं? कारण 'हेक्सप्रूफ' असलेल्या क्रीचरला समोरच्याला टार्गेट करता येत नाही. तुमच्याकडे असं एकच दांडगं क्रीचर आहे असं समजा. मी 'मर्डर' टाकायला गेलो, "डिस्ट्रॉय टार्गेट क्रीचर". जमत नाही. 'रॅथ ऑफ गॉड' टाकलं, "डिस्ट्रॉय ऑल क्रीचर्स". टार्गेट शब्द नाही, तुमचं क्रीचर मेलं.

आता 'डायबॉलिक एडिक्ट' घ्या. त्यात टार्गेट शब्द आहे, पण कोणापुढे? "टार्गेट प्लेयर" एक क्रीचर बळी देतो. टार्गेट माणूस आहे, क्रीचर नाही. हेक्सप्रूफ तुमच्या क्रीचरला आहे, तुम्हाला नाही. तुमच्याकडे एकच क्रीचर असेल तर तेच द्यावं लागेल. ही गोष्ट पटवायला मला तीन रविवार लागले. शेवटी सरांनी फळ्यावर वाक्य लिहून 'टार्गेट'च्या पुढच्या शब्दाखाली रेघ ओढली. तेव्हापासून आम्ही नवीन माणसाला पहिलं काम तेच देतो: टार्गेट शोध, त्याच्या पुढच्या शब्दाखाली रेघ ओढ.

विशेषणंही मोजून घ्या. 'टेरर' म्हणतं, "नॉनआर्टिफॅक्ट, नॉनब्लॅक" क्रीचर. मध्ये स्वल्पविराम आहे, 'किंवा' नाही. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या पाहिजेत. काळं आणि लाल असं दोन रंगांचं क्रीचर असेल तर ते काळं आहेच, म्हणजे टेरर त्याच्यावर लागत नाही. योजनांच्या फॉर्मवर "जातीचा दाखला व उत्पन्नाचा दाखला" लिहिलेलं असताना लोक एकच घेऊन येतात, त्यांनाही मी हेच सांगत असतो.

आणि आता माझं आवडतं. २००१ सालचं 'फ्लेमटंग कावू'. हे क्रीचर मैदानात आलं की "टार्गेट क्रीचर"ला ४ डॅमेज देतं. कृषी केंद्रवाल्या भाऊनं ते उत्साहानं टाकलं तेव्हा मैदानात दुसरं एकही क्रीचर नव्हतं. तो म्हणाला, "कोणीच नाही, मंग सोडून दे." मी म्हटलं, वाच. 'मे' नाही, म्हणजे सोडता येत नाही. 'अनदर' नाही, म्हणजे स्वतः कावूही चालतं. 'अपोनंट कंट्रोल्स' नाही. मैदानात एकच क्रीचर, ते स्वतः. ताकद ४, दम २ (दमाएवढं डॅमेज झालं की क्रीचर मरतं). त्यानं स्वतःलाच जाळलं. भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, पण तेव्हापासून आमच्यात सगळ्यात बारीक वाचणारा तोच आहे.

पायरी ५ : नाम नीट वाचा. कोण, कुठे, कोणाचं

नुसतं 'क्रीचर' लिहिलेलं असेल तर ते मैदानात असलेलं क्रीचर. हातातलं, डेकमधलं, ग्रेव्हयार्डमधलं नव्हे. तिथल्यासाठी 'क्रीचर कार्ड' असं लिहितात. खेळलं आहे पण अजून मैदानात उतरलं नाही, वाटेत आहे, त्याला 'क्रीचर स्पेल'. नियमपुस्तकात १०९.२ क्रमांकाला हे आहे. म्हणून 'मर्डर' ग्रेव्हयार्डवर लागत नाही आणि 'कॅन्सल' मैदानात उतरलेल्या क्रीचरवर लागत नाही.

'अनदर' म्हणजे स्वतः सोडून. 'सोल वॉर्डन' म्हणतं, दुसरं क्रीचर मैदानात आलं की तुम्हाला १ लाइफ. ती स्वतः आली त्याचं मिळत नाही. पण 'यू कंट्रोल' असं लिहिलेलं नाही, म्हणजे समोरच्याचं क्रीचर आलं तरी मिळतं. नवखे लोक हे घ्यायचं विसरतात.

कार्डाच्या मजकुरात कार्डाचं स्वतःचंच नाव आलं तर ते "हेच कार्ड" एवढंच. त्याच नावाची बाकीची नाहीत. नवीन छपाईत त्याऐवजी "धिस क्रीचर" असंही दिसेल.

'काउंटर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही रोज लागतात. "काउंटर टार्गेट स्पेल" हे क्रियापद, म्हणजे स्पेल हाणून पाडा. "+१/+१ काउंटर" हे नाम, म्हणजे आमचा तुरीचा दाणा. वाक्यात कुठल्या जागी आहे ते बघितलं की गोंधळ संपतो.

'ओनर' आणि 'कंट्रोलर' समजायला मात्र आपल्याकडच्या माणसाला एक मिनिट लागत नाही. सातबाऱ्यावर नाव ज्याचं तो ओनर. या हंगामात मक्त्यानं वाहतो तो कंट्रोलर. 'थ्रेटन' टाकून मी तुमचं क्रीचर एका टर्नपुरतं घेतलं; मी कंट्रोलर झालो, ओनर तुम्हीच. कोणी त्यावर 'अनसमन' टाकलं तर ते "ओनर्स हँड"मध्ये जातं, म्हणजे तुमच्या हातात. पण 'स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स' टाकलं तर क्रीचर खेळाबाहेर जातं आणि त्याच्या ताकदीएवढं लाइफ "कंट्रोलर"ला मिळतं. म्हणजे क्रीचर तुमचं आणि लाइफ मला! शेत मालकाचं, कापूस मक्तेदाराचा. ज्यांना बांधावरचे हिशेब कळतात त्यांना हे शिकवावं लागत नाही.

पायरी ६ : क्रियापदं एकमेकांच्या जागी चालत नाहीत

बोलताना आपण "मारलं" म्हणून मोकळे होतो. कार्ड तसं बोलत नाही.

'डिस्ट्रॉय' वेगळं, 'सॅक्रिफाइस' (बळी देणं) वेगळं, 'एक्झाइल' (खेळाबाहेर काढणं) वेगळं. 'इनडिस्ट्रक्टिबल' क्रीचर डिस्ट्रॉय होत नाही, पण बळी देता येतं, एक्झाइल करता येतं, आणि -३/-३ सारख्या कार्डानं त्याचा दम शून्यावर आणला तरी मरतं. 'डाइज' म्हणजे मैदानातून ग्रेव्हयार्डमध्ये जाणं, एवढंच. एक्झाइल झालेलं क्रीचर 'मेलं' नाही, त्यामुळे "मेल्यावर अमुक मिळतं" ते मिळत नाही.

'डॅमेज' झालं की खेळाडूचं लाइफ कमी होतं. पण 'लूज लाइफ' लिहिलं असेल तर ते डॅमेज नव्हे. डॅमेज अडवणारं कार्ड तिथे उपयोगाचं नाही.

'कास्ट' करणं (कार्ड रीतसर खेळणं) आणि मैदानात 'पुट' करणं (नुसतं ठेवणं) हेही वेगळं. स्पेलमुळे किंवा दुसऱ्या कुठल्या परिणामामुळे क्रीचर थेट मैदानात ठेवलं गेलं तर ते क्रीचर कास्ट झालेलं नाही, मग त्या क्रीचरला कॅन्सल कशाला करणार?

पायरी ७ : बारके शब्द

'मे' : इच्छा असेल तर. नसेल छापलं तर इच्छा विचारलेली नाही.

'अप टू' : शून्यही चालतं. "अप टू टू टार्गेट क्रीचर्स" म्हणजे दोन, एक किंवा एकही नाही.

'इन्स्टेड' : त्याऐवजी. 'रेस्ट इन पीस' म्हणतं, कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये जाणार असेल तर त्याऐवजी एक्झाइल करा. आधी ग्रेव्हयार्डमध्ये जाऊन मग बाहेर, असं नाही. गेलंच नाही. म्हणून 'रेस्ट इन पीस' मैदानात असताना क्रीचर 'मरत'च नाही.

'इफ' : हा कुठे बसलाय ते बघा. 'फेलिडार सॉव्हरिन' म्हणतं, तुमच्या अपकीपच्या (टर्नमधला सुरुवातीचा एक टप्पा) सुरुवातीला, तुमच्याकडे ४० किंवा जास्त लाइफ असेल तर तुम्ही जिंकलात. घटनेच्या लगेच मागे असा 'इफ' आला तर अट दोनदा तपासतात: लागताना एकदा आणि परिणाम होताना पुन्हा. मध्येच मी तुम्हाला 'लाइटनिंग बोल्ट' मारून ४१ चे ३८ केले, तर जिंकणं गेलं. हा डाव आमच्याकडे खरंच झाला. कोणावर ते सांगत नाही, लेख लिहिणाऱ्याचा मान राखतो.

'कान्ट' : सगळ्यांचा बाप. कार्ड आणि नियमपुस्तक यांच्यात भांडण असेल तर कार्ड जिंकतं, आणि 'करता येतं' व 'करता येत नाही' यांच्यात भांडण असेल तर 'येत नाही' जिंकतं. नियम १०१ म्हणजे हेच. एका कार्डानं "दर टर्नला हल्ला केलाच पाहिजे" म्हटलं आणि 'पॅसिफिझम'नं "हल्ला करू शकत नाही" म्हटलं, तर ते गप बसून राहतं.

पायरी ८ : तरीही अडलं तर

आधी बघा की वाद शब्दाचा आहे की क्रमाचा. बरेचदा दोघांचंही वाचन बरोबर असतं, फक्त आधी काय घडतं ते ठरलेलं नसतं. शेवटी टाकलेलं आधी घडतं. बैलबंडीवर कडबा रचला की वरची पेंडी आधी काढावी लागते, तसं. दोघांच्या आपोआप लागणाऱ्या गोष्टी एकदमच लागल्या तर ज्याची टर्न आहे तो आपल्या गोष्टी आधी रचतो, समोरचा त्यांच्यावर. म्हणजे समोरच्याच्या गोष्टी आधी घडतात.

क्रमानंही सुटलं नाही तर आमची रीत अशी. वेबसाइटवर त्या कार्डाखालचे खुलासे बघायचे. नेटवर्क नसेल तर जो खेळत नाही त्यानं पाच मिनिटांत निकाल द्यायचा, खेळ पुढे. निकाल वहीत: तारीख, कार्डाचं नाव, प्रश्न एका ओळीत, दिलेला निकाल. सोमवारी दुकानात नेट आलं की मी खरं उत्तर तपासून लाल पेनानं समोर लिहितो. निकाल चुकीचा निघाला तरी रविवारचा डाव बदलत नाही. ही शेवटची अट आधीच ठरवून घ्या, नाहीतर सोमवारीही भांडण.

"कार्ड बनवणाऱ्याला काय म्हणायचं असेल" यावर वेळ घालवू नका. भाच्याला ही सवय होती. बनवणाऱ्याला विचारायला आर्वीहून जाणार कोण? छापलेल्या शब्दांवर खेळा. स्पर्धेला गेलात तर तिथे जज असतो. हात वर करून त्याला बोलावण्यात अपमान नाही, समोरच्यावर आरोपही नाही. आणि कार्डाचा अधिकृत मजकूर विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

कार्डं महाग आहेत म्हणून घरी खेळायला रंगीत प्रिंट काढून वापरत असाल तर ठीक, आम्हीही वापरतो. काढताना ओरॅकल मजकुराचीच काढा, जुन्या चित्राची नको. स्पर्धेत ती चालत नाहीत, आणि खरी म्हणून कोणाला विकू नका.

दुसरा खेळ खेळत असाल तर

'यु-गि-ओह!'मध्ये विरामचिन्हांना याहूनही मान आहे. २०११ पासून तिथे मजकुराची शिस्तच बांधून दिली आहे. कोलनच्या आधी केव्हा, कोणत्या अटीवर, अर्धविरामाच्या आधी कार्ड टाकतानाच करायचं ते, मोल किंवा टार्गेट, अर्धविरामानंतर परिणाम. जोडणारे शब्दही ठरलेले: 'देन' असेल तर आधी पहिलं, मग दुसरं, आणि पहिलं झालं नाही तर दुसरं नाही. 'अँड इफ यू डू' असेल तर दोन्ही एकाच वेळी, पण पहिलं झालं तरच दुसरं. 'ऑल्सो' असेल तर एक अडलं तरी दुसरं होतं. २०११ च्या आधीची कार्डं हातात आली तर वाद घालू नका, नवीन मजकूर शोधा.

'पोकेमॉन'ची कार्डं त्या मानानं सरळ आहेत. एकच फसगत: हल्ल्यानं 'डॅमेज' देणं आणि 'डॅमेज काउंटर' ठेवणं वेगळं. नुसते काउंटर ठेवायला सांगितले असतील तर 'वीकनेस' धरून दुप्पट करायचं नसतं. आणि गावातल्या दुकानांत मिळणारी पोकेमॉनची कार्डं नकली निघण्याची शक्यता जास्त, म्हणून पायरी १ तिथे दोनदा करा.

नवीन माणसाला आम्ही विचारतो ते चार प्रश्न

१. माझ्याकडे हेक्सप्रूफ क्रीचर आहे. तुम्ही 'रॅथ ऑफ गॉड' टाकलं. वाचेल का? (नाही. टार्गेट शब्दच नाही.)

२. मैदानात 'रेस्ट इन पीस' आहे. माझं क्रीचर डिस्ट्रॉय झालं. "क्रीचर मेलं की कार्ड उचला" असं माझं दुसरं कार्ड आहे. उचलू का? (नाही. ते मेलं नाही, एक्झाइल झालं.)

३. तुमचं २/२ (ताकद २, दम २) क्रीचर. मी त्याला 'बोल्ट' मारला, तुम्ही लगेच त्यावर 'जायंट ग्रोथ' टाकून +३/+३ केलं. आणि उलट: आधी तुम्ही 'जायंट ग्रोथ' टाकलं, ते लागायच्या आत मी 'बोल्ट' मारला. दोन्हींत काय होईल? (पहिल्यात ५/५ होऊन जगतं. दुसऱ्यात मरतं, आणि 'ग्रोथ'ला टार्गेटच उरत नाही.)

४. मी 'थ्रेटन' टाकून तुमचं क्रीचर घेतलं आणि त्याच टर्नमध्ये ते बळी देऊन 'व्हिलेज राइट्स' खेळलं. तुम्ही 'कॅन्सल' टाकलं. क्रीचरचं काय, ते कोणाच्या ग्रेव्हयार्डमध्ये, आणि कार्डं कोण उचलतं?

चौथ्याचं उत्तर इथे देत नाही. पायरी ३ आणि पायरी ५ समोर ठेवा, सातबारा आठवा, आणि उत्तर वहीत लिहून मग तपासा.